मोजपट्टीचं पहिलं इंजिन

मुलगी भांडली असती तर आईला बरं वाटलं असतं. भांडणाची तिला सवय होती. पण गेले काही दिवस पोरगी गॅरेजमधून यायची, कोपरापर्यंत हात घासायची, ताटात पडेल ते खायची आणि एक शब्द न बोलता उठायची. शेवटी एक दिवस आईने मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही, निदान त्यावरून तरी तोंड उघडेल म्हणून. बाबांनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. पोरीने मात्र ताट चाटूनपुसून संपवलं आणि "झालं माझं" म्हणून निघून गेली.

तेव्हा आईच्या मनात जी पाल चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना. ही मुलगी मोडेल, पण कुणाकडे काही मागणार नाही.

झालं काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये आलेलं पहिलं अख्खं इंजिन उघडं पडलं होतं, आणि ते बंद करायला लागणारं एक अवजार नेमकं हाताशी नव्हतं. आता यावर उपाय म्हणजे कुणाकडून तरी ते मागून आणणं. आणि गाडी अडली होती ती तिथेच.

नात्यागोत्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणतात. हे नाव मामाने ठेवलेलं, म्हणजे आईच्या थोरल्या भावाने. ती एवढीशी होती तेव्हा वाढदिवसाचा केक कापायची वेळ आली, तर ही बया दप्तरातली पट्टी घेऊन आली आणि प्रत्येक तुकडा मोजूनच कापू दिला. मेणबत्त्या विरघळून केकवर आल्या तरी हिचं मोजणं चालूच. जेवणाचं टेबल डुगडुगायचं, तर खाली पालथी पडून तिने जाहीर केलं की एक पाय दोन पोस्टकार्डांएवढा आखूड आहे. दोन पोस्टकार्डं घातली. टेबल डुगडुगायचं थांबलं. आईने आधी तिथे सहा महिने घडी करून वर्तमानपत्र कोंबलं होतं.

आईचा कारभार तसा मोकळाढाकळा. तिच्याकडे एक सुरी होती, तीच फळं कापायची, तीच डबे उघडायची आणि तीच स्क्रू फिरवायची. एकदा मिक्सर बंद पडला म्हणून ती सुरी घेऊन बसली तर मोजपट्टी शेजारी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, तू स्क्रूचं डोकं खाल्लंस."

"मी तुझं खाईन आता. सरक."

"त्याला चौफुलीचा ड्रायव्हर लागतो. सुरीने त्याची खाच गेली. आता तो कुणालाच निघणार नाही."

"एवढ्याशा स्क्रूचं काय कौतुक गं?"

"मग मी तुझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापू?"

आईची शिवणाची कात्री म्हणजे घरातलं दैवत. तिला कागद लावला तर आई घर डोक्यावर घ्यायची. त्यामुळे त्या दिवशी वाद तिथेच मिटला आणि मोजपट्टीला तिचा पहिला स्क्रू-ड्रायव्हरचा संच मिळाला. ती तो उशाशी घेऊन झोपायची.

पुढे रीतसर शिकली, पदविका घेतली आणि थेट मामाच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली. मामा म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. गाडी कोपऱ्यावर वळली की हा आत बसल्या बसल्या चहा फुंकत सांगायचा, "तिसरा व्हॉल्व्ह बोलतोय." आणि खरंच तिसराच निघायचा. कुठलाही नट हाताने आवळून "बस्स" म्हणायचा. "माझ्या मनगटात काटा आहे," असं तो दिवसातून एकदा तरी म्हणे, आणि कुणी ऐकायला नसलं तर भाचीला म्हणे. दोघांचं गूळपीठ असं की आईला कधीकधी हेवा वाटायचा. भाची मामाला डबा नेणार, मामा डब्यातलं अर्धं भाचीला भरवणार, आणि मामी म्हणणार, "मी काय तुमच्या दोघांची खानावळ आहे?"

ते सगळं एका पान्यावरून फिसकटलं.

इंजिनाचं जे वरचं जड झाकण असतं त्याला हेड म्हणतात. ते दहा बोल्टांनी खाली आवळून बसवतात. सैल राहिलं तर पाणी तेलात शिरतं, फार आवळलं तर आटे जातात, आणि कुठे कमी कुठे जास्त झालं तर हेडच वाकतं. म्हणून त्याला टॉर्क रेंच लागतो. हा एक लांब दांड्याचा पाना. दांड्यावर आकडा लावायचा, आणि बोल्टावर तेवढा जोर पडला की तो टक् करतो. म्हणजे आता हात काढा. मोजपट्टीने पहिल्या पगारातून तो घेतला होता. आईला वाटलं होतं, पोरगी स्वतःला एखादा चांगला ड्रेस घेईल.

त्या दिवशी मामाने एका डॉक्टरांच्या गाडीचं हेड नेहमीसारखं हाताने आवळलं. डॉक्टर तिथेच स्टुलावर बसले होते.

"मामा, सहज बघू का?" मोजपट्टी आपला पाना घेऊन आली.

"बघ की. मनगटाची परीक्षा होऊन जाऊ दे."

तिने एकेक बोल्ट तपासला. बोल्ट जागचा हलत नव्हता आणि पाना टक् म्हणत होता. एक झाला, दोन झाले, नऊ झाले. मोजपट्टी थक्क. "मामा, तू माणूस आहेस की मशीन?" मामाची छाती फुगलेली. दहावा बोल्ट मात्र टक् व्हायच्या आधी पाव फेरा फिरला.

"हा एक राहिला होता," ती म्हणाली.

आणि डॉक्टर हसले. एवढंच झालं. पण मामाला ते नऊ काही ऐकू आले नाहीत.

"राहिला होता म्हणजे? माझा हात चुकला म्हण ना सरळ."

"हात चुकला कुठे म्हणाले? बोल्ट राहिला म्हणाले."

"एकच झालं ते!"

"एक कसं होईल?"

मोजपट्टी रोज सगळ्यांना बजावायची, की काम झालं की पाना शून्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. मामाने दोन्ही हात पुढे केले. "घे. हेही शून्यावर आण आणि खुंटीला टांग."

दोघांची नाकं एकाच कारखान्यातली. कोण माघार घेणार? काही दिवसांनी मोजपट्टीने टायरच्या दुकानामागची एक शेड भाड्याने घेतली आणि आपलं गॅरेज थाटलं. मामा उद्घाटनाला आला नाही. त्याने एक जुना मजबूत व्हाइस, वस्तू घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा, तेवढा हमालाच्या डोक्यावर पाठवून दिला, निरोप न देता. तिने तो बसवला, निरोप न देता.

शेड आई पहिल्यांदा बघायला गेली तेव्हा तिला वाटलं होतं तेलाचे डाग आणि चिंध्या दिसतील. पण समोरची भिंत पांढरी रंगवलेली, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक अवजार आणि प्रत्येक अवजाराच्या मागे लाल रंगात त्याचीच आकृती काढलेली. रिंग पाने थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, गोटी पाने, पकडी, हातोड्या. एखादं अवजार उचललं की भिंतीवर त्याची लाल सावली उरायची. "म्हणजे इंजिनात काही विसरलं तर भिंत सांगते," मोजपट्टी म्हणाली. आईला आपल्या स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण आठवला आणि तिने विषय बदलला.

सुरुवातीला तेल बदलणं, ब्रेक बघणं असली किरकोळ कामं आली. मग एक दिवस ड्रायव्हिंगच्या बाई आल्या. या बाई भागातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवतात. आवाज असा की त्यांना हॉर्नची गरज पडत नाही. त्यांच्या गाडीचं पाणी संपलं होतं, तापमानाचा काटा लाल झाला होता, आणि शिकाऊ उमेदवाराने तरी गाडी हाकणं सोडलं नव्हतं.

"का नाही थांबला तो?" मोजपट्टीने विचारलं.

"मीच शिकवलंय ना, रस्त्यावरून नजर काढायची नाही म्हणून! गुणी मुलगा. आणि मी शेजारी बसून मागच्या रिक्षावाल्याशी भांडत होते."

इंजिन पूर्ण खोलावं लागलं. आई डबा घेऊन जायची आणि उगीच घुटमळायची. तिला मदत करायची असायची. सगळे व्हॉल्व्ह दिसायला सारखे, पण मोजपट्टीने पुठ्ठ्याला भोकं पाडून ते क्रमाने खोचले होते, कारण प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. आईने फडकं उचललं. "पुसून एका बरणीत घालून ठेवू का? छान दिसतील."

"आई, कशालाही हात लावू नकोस. देवाशपथ."

पिस्टनवरच्या रिंगा फाकलेल्या असतात. त्या आवळल्याशिवाय पिस्टन आत जात नाही. आई म्हणाली, "बोटांनी धरून लाटण्याच्या मागच्या बाजूने हळूच ठोक ना." मोजपट्टीने एक पत्र्याचा रुंद पट्टा काढला, रिंगांभोवती गुंडाळला, किल्लीने आवळला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने दोन टिचक्या मारल्या. पिस्टन लोण्यात गेल्यासारखा आत गेला. मोजपट्टीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लाटण्याचं सहज सुचलं हो." आणि दोघी हसत सुटल्या. तेव्हा पोरगी हसत होती.

हेड बसवायच्या दिवशी ते घडलं. पाना हातात, आणि ड्रायव्हिंगच्या बाईंचा फोन आला. मोजपट्टीने पाना टेबलाच्या कडेला ठेवला, फोन घ्यायला वळली, कोपर लागलं आणि पाना फरशीवर आपटला. दुसऱ्या कुणी उचलून पुसून काम चालू केलं असतं. पण टॉर्क रेंच पडला की त्याचं माप हलू शकतं. "बिघडलाच असेल असं नाही," मोजपट्टी म्हणाली, "पण बिघडला नाही हे मला माहीत नाही." तिने तो तपासायला मोठ्या शहरात पाठवला. यायला वेळ लागणार होता. नवा मागवला तर तोही तितक्याच दिवसांनी येणार होता. भिंतीवर लांब दांड्याची लाल आकृती रिकामी पडली आणि पोरीची वाचा बसली.

आईने आपल्या परीने सगळं करून पाहिलं.

"तुझा मामा जन्मभर हातानेच आवळतोय ना? तूही आवळ."

"मामाचा हात मामाच्या खांद्याला आहे, आई. माझ्या नाही."

"मग त्यालाच…"

"मला काम आहे."

काम काय होतं? काही नव्हतं. ती घासलेले पाने पुन्हा घासत बसली होती.

शुक्रवारी दुपारी आई डबा घेऊन पोचली तेव्हा ड्रायव्हिंगच्या बाई शेडमध्ये उभ्या होत्या. स्टुलावर बसल्या तरी त्यांचा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधतो, असं मोजपट्टी म्हणायची. आज त्या बसल्याही नव्हत्या.

"सोमवारी माझ्या पोरांची परीक्षा आहे गं. याच गाडीवर शिकलीत. दुसरी गाडी दिली तर वायपर लावून उजवीकडे वळतील. उद्या संध्याकाळपर्यंत नाही झालं तर मी गाडी ओढून दुसरीकडे नेते. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही वाटून घेणार."

"बाकीचे हातानेच आवळतात ना? मग तूही आवळून टाक. मी तक्रार नाही करणार."

"तुम्ही नाही करणार, बाई. इंजिन करेल."

बाई आईकडे वळल्या. "काय पोरगी आहे हो तुमची! लग्नात अक्षता पण मोजून टाकेल." आणि गेल्या. जाताना मोजपट्टीच्या पाठीवर थाप मारून गेल्या, त्यामुळे तर अजूनच वाईट वाटलं.

"मग? काय ठरवलंस?" आईने विचारलं.

"नेऊ दे त्यांना."

"उघडं इंजिन भर बाजारातून ओढत नेतील. लोक काय म्हणतील कळतंय का? खोललं, पण जोडता आलं नाही. दुसरं इंजिन कोण देईल तुला?"

"चुकीचं जोडून दिलं तर तिसरंही देणार नाहीत." ती भिंतीकडे बघत होती. डोळे लाल होते. तेल गेलं असेल, आईने स्वतःला सांगितलं.

आईचे पाय तिथून घरी वळायला हवे होते, ते वहिनीकडे, म्हणजे मोजपट्टीच्या मामीकडे वळले. मन मोकळं करायचं होतं, पण दारात तिने सांगितलं की पडद्यांना अस्तर हवंय, जुनी चादर आहे का. भाऊ गॅरेजवर गेलेला. वहिनी तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि कपाटातली चादरींची चळत ओढायला लागली.

"सांग की तुझ्या लाडक्या भाचीला काहीतरी," आई बोलत होती. "उद्या गाडी नेणार आहेत आणि ही… अगं बाई!"

चादरींच्या मधून एक लांबुळकी निळी पेटी घसरली. आईने ती छातीशी धरली. चांगली जड होती.

"पाडू नकोस!" वहिनी किंचाळली. "पडला की बिघडतो म्हणे तो!"

आणि तिने जीभ चावली. मग आईने पेटी पलंगावर ठेवली आणि हळूच उघडली. आत लांब दांड्याचा, लखलखीत पाना. दांड्यावरचा आकडा शून्यावर आणून ठेवलेला.

"कधी घेतला?"

"भांडण झालं त्याच आठवड्यात." वहिनी पलंगावर बसली. "मला शपथ घातलीय. हेडचं काम असलं की सकाळी पेटी पिशवीत घालून नेतात, वर भाजीची जुडी ठेवतात. आधी हाताने आवळतात, मग शटर अर्धं ओढून पान्याने बघतात."

"आणि?"

"बरोबर निघालं की संध्याकाळभर शीळ घालतात. नाही निघालं तर त्या दिवशी चहा पाणचट, टीव्हीचा आवाज मोठा आणि माझ्या माहेरचे सगळे हलक्या कानाचे."

आईला हसू आवरेना. वहिनीही हसायला लागली, आणि हसता हसता तिने आईचा हात घट्ट धरला.

"पण त्यांना कळता कामा नये हं मी दाखवलं ते. जीव घेतील. साठीला आलेला माणूस, पण तोंडाने कबूल करायचं म्हणजे… रोज पुसून शून्यावर आणून ठेवतात. म्हणाले, तिनेच शिकवलंय. परवा माझ्याकडे बघून म्हणाले, माझे नऊ बरोबर आले म्हणताना तोंड किती उजळलं होतं गं पोरीचं. मीच गाढव."

"हे तिला सांग म्हणावं त्याला!"

"तू सांग. तुझा भाऊ आहे."

चादर तिथेच विसरून आई घरी आली. वाटेत तिने किती बहाणे रचले त्याला सुमार नाही. वहिनीकडे गेले होते, कपाट आपोआप उघडलं. नको, कपाटं आपोआप उघडत नाहीत, भाऊ मेकॅनिक आहे, बिजागरी तपासेल. शेजारणीला असा पाना हवाय, तुझ्याकडे असेल का? नको, शेजारीण पान्याचं काय करणार. पोरीला सांगावं, मामाकडे आहे, जा? ती जाणार नाही, आणि गेली तर दारातच "मला कळलं तुझ्याकडे आहे" म्हणून बसेल. तिला खोटं बोलायचं तर दूरच, अर्धंमुर्धं खरंही बोलता येत नाही. मग वहिनीचं मरण.

बाबा टीव्हीसमोर होते. तिने सगळं त्यांना सांगितलं.

"सोपं आहे," बाबा म्हणाले. "पान्याचं नावच काढू नकोस."

"म्हणजे?"

"त्याला नुसतं सांग, भाचीचं इंजिन अडलंय. पुढचं तो बघेल."

"आणि नुसते हात हलवत आला तर? मी आवळतो म्हणाला तर?"

"मग तुझा भाऊ मला वाटतो त्यापेक्षा मोठा गाढव आहे," असं म्हणून बाबांनी आवाज वाढवला.

आई बाल्कनीत गेली. तिने मनात वाक्य जुळवून बघितलं. दादा, मोजपट्टीचा टॉर्क रेंच पडला. हेड उघडं आहे. उद्या संध्याकाळी बाई गाडी ओढून नेणार आहेत. ती कुणाकडे मागणार नाही, तुला माहीत आहे ना कुणावर गेलीय ते. एवढंच. पेटी नाही, चादरी नाही, निळा रंग नाही. पुढे त्याला शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे, "मला काय सांगतेस" म्हणायचं असेल तर म्हणू दे. फोन ठेवल्यावर तो त्या कपाटापाशी गेला की आपण जिंकलो. उद्या पोरगी येऊन विचारेल, मामाला कुणी सांगितलं? तेव्हा तिला खरं सांगायचं, मीच. रागावेल. चार दिवस बोलणार नाही. पण मग निदान भांडेल तरी.

समोरच्या इमारतीत कुणीतरी दिवा लावला. आईने चष्मा वर सरकवला, भावाचा नंबर शोधला, आणि वहिनीने फोन उचलला तर आधी काय बोलायचं तेही ठरवून घेतलं. मग तिने बटण दाबलं.